इंटरसेप्टर हिवाळ्यात कोरडी ठेवताना: कॉव्हेंट्रीच्या गॅरेजमधल्या नोंदी

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार

आज मध्यरात्रीनंतर इथे इंग्लंडमध्ये हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे जातील. आता लवकरच रस्त्यांवर मिठाच्या गाड्या फिरू लागतील. हे खाणीतलं खडे मीठ, बरंचसं चेशायरमधल्या विन्सफोर्डच्या खाणीतून येणारं. त्यामुळे रस्त्यावर बर्फ धरत नाही, पण मोटारसायकलच्या खालच्या अंगाला ते चिकटून बसतं आणि हवेतला ओलावा ओढत राहतं. म्हणून रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर नोव्हेंबर ते मार्च गॅरेजमध्येच राहणार.

मीठ टळलं तरी गॅरेजची काळजी राहतेच. हे गॅरेज घरापासून वेगळं, १९३० च्या दशकातलं. भिंती चार इंची विटांच्या, वर पन्हळी लोखंडी पत्रा, खाली जुना कोबा, पुढे वर सरकणारं पत्र्याचं दार. या छपराखाली ठेवलेल्या पान्यांवर हिवाळ्यात तांबेरा चढतो हे मी दरवर्षी पाहतो. पान्यांचं एक वेळ चालेल. पण गाडीची टाकी क्रोमची, इंजिनाची कव्हरं ॲल्युमिनियमची, चाकांना तारेचे आरे. या तिन्हींना ओल सोसत नाही. क्रोमवर आधी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके येतात आणि ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते.

पहिली तपासणी कोब्याची. दोन फुटांचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटपट्टी लावून जमिनीवर बसवला. उद्या त्याच्या खालच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल जमिनीतून वर येते आहे. वरच्या बाजूला दिसलं तर ती हवेतली आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

प्लास्टिकच्या आत धुरकट थर, मधोमध थेंब. वरची बाजू कोरडी. त्या काळच्या कोब्याखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा थर घालत नसत. त्यामुळे जमीन वर्षभर हळूहळू बाष्प सोडते आहे. गाडीच्या पोटाखालून येणारी ही ओल आधी तोडायला हवी.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

मोसमातली शेवटची लांब फेरी. रेडिचला जाऊन आलो. इंग्लंडमधली मूळ रॉयल एनफिल्ड त्या गावची. १९५५ पासून मद्रासला जुळणी सुरू झाली आणि रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद झाला. माझी गाडी चेन्नईची. तिच्यावर बसून या गावात शिरताना दरवेळी छाती भरून येते.

परत आल्यावर इंजिन गार होऊ दिलं, मग धुलाई. मडगार्डच्या आतल्या कडा, साखळीच्या मागची बाजू, डबल स्टँडचे सांधे, रेडिएटरसारख्या दिसणाऱ्या ऑइल कूलरच्या पट्ट्या, सगळीकडे ब्रश फिरवला. मीठ अजून पडलेलं नाही, पण मागच्या मोसमाचं कोपऱ्यांत दडलेलं असतं. साधं मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. थेंब पडावाच लागत नाही. स्वच्छ पोलादाला ६०-७० टक्क्यांपर्यंत फारसा धोका नसतो, मीठ लागलेल्याला मात्र त्याहून कमी ओलही पुरते. झाकण, हीटर, सिलिका जेल या सगळ्यांच्या आधी धुणं येतं, ते याचसाठी.

धुतल्यावर हवेच्या ब्लोअरने आरे आणि बोल्टांच्या खाचा वाळवल्या. सकाळी हळदकुंकू लावलं होतं, तेवढं टाकीवर राहू दिलं.

१० नोव्हेंबर, रविवार

इंजिनाचं काम. तेल आत्ताच बदललं, मार्चसाठी ठेवलं नाही. वापरलेल्या तेलात पाणी आणि जळणातून आलेली आम्लं असतात. ती चार-पाच महिने बेअरिंगांना लागून राहतात. तेल तापवून काढलं, नवं घातलं, इंजिन दोन मिनिटं फिरवून सगळीकडे पोचवलं.

टाकी १३.७ लिटरची. गळ्याशी थोडी जागा सोडून भरली, त्यात पेट्रोल टिकवणारं द्रव्य घातलं. टाकी भरलेली असली की आत हवा कमी, हवा कमी की ओल कमी. इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं आहे, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि फार झालं की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी वेगळा होतो. साठवणीसाठी महाग पडलं तरी सुपर पेट्रोल घेतलं, त्यावर ई५ लिहिलेलं असतं.

दोन्ही सायलेन्सरांच्या तोंडात रबरी बुचं घातली आणि किल्लीला लाल चिठ्ठी बांधली: ‘बुचं काढ’. इंजिन कुठेही थांबलं तरी एखादा व्हॉल्व्ह उघडा राहण्याची शक्यता असते, आणि तिथून सायलेन्सरमार्गे ओली हवा थेट सिलिंडरपर्यंत जाते. बॅटरी काढून घरात आणली. फ्रेमचे जोड, आऱ्यांची टोकं, बोल्टांची डोकी यांवर एसीएफ-५० या गंजरोधक तेलाचा पातळ हात दिला. ब्रेकची डिस्क आणि टायर आधी कापडाने झाकून घेतले होते. ब्रेकवर तेलाचा अंशही नको.

गाडी रस्त्यावर नसल्याची सरकारी नोंद, ज्याला इथे सगळे सॉर्न म्हणतात, तीही केली. विमा चालू ठेवला, चोरी आणि आगीसाठी.

१६ नोव्हेंबर, शनिवार

संदीपचा फोन. तो म्हणाला, “अरे, दर रविवारी पाच मिनिटं चालू करत जा. इंजिन मोकळं राहतं, बॅटरीही भरते.”

हा सल्ला इतक्या आपुलकीने दिला जातो की तोडवत नाही. पण त्याला गणित सांगितलं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या प्राणवायूशी मिळतो, त्याचं हे पाणी. गरम इंजिनातून ते वाफ होऊन निघून जातं. थंड इंजिन पाच मिनिटं फिरलं तर साठेक मिलिलिटर पेट्रोल जळतं आणि जवळजवळ तेवढंच पाणी थंडगार सायलेन्सरच्या वाटेला लागतं. त्यातलं बरंच आतच साचतं. काही पिस्टनच्या बाजूने खाली तेलात उतरतं, आणि ते उडून जाईल इतकं तेल पाच मिनिटांत तापत नाही. म्हणजे ओल टाळण्यासाठी आपणच आत पाणी भरायचं.

तो थोडा गप्प झाला, मग म्हणाला, “मग माझ्या स्क्रॅम्बलरचं काय करू?” सांगितलं, बॅटरी काढ आणि तिला मार्चपर्यंत झोपू दे.

आज तीन सेन्सर लावले: एक बाहेर दाराच्या आडोशाला, एक गॅरेजमध्ये गाडीच्या उंचीवर, एक इंजिनाच्या कव्हरला चिकटवलेला, फक्त धातूचं तापमान मोजणारा. चकचकीत धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर खोटं सांगतो, कारण तो आजूबाजूचंच प्रतिबिंब मोजतो. तो वापरायचाच असेल तर धातूवर आधी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावावा. मी दोन्ही ठेवले आहेत.

टाकीवर श्वास घेणाऱ्या कापडाचं आवरण आहे. एखादं वादळ येईपर्यंत याहून जास्त काही करायचं नाही. गॅरेज जसं आहे तसं कसं वागतं ते आधी पाहायचं.

२३ नोव्हेंबर, शनिवार. बर्ट वादळ

ज्याची वाट पाहत होतो ते आज दिसलं. आठवडाभर कडाक्याची थंडी होती, मंगळवारी बर्फही पडला. काल रात्री बाहेर शून्याखाली. आज सकाळपासून नैर्ऋत्येचा उबदार, ओला वारा सुटला आणि तापमान भराभर चढलं.

सकाळी ९: गॅरेजची हवा ३ अंश, इंजिन ३ अंश. सगळं कोरडं.

दुपारी १२: हवा ९ अंश, आर्द्रता ८८ टक्के, म्हणजे दवबिंदू, ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं, तो ७ अंशांच्या आसपास. इंजिनाचं कव्हर ४.५ अंश. आवरणाखाली हात घातला, बोटं ओली झाली.

दुपारी ४: हवा १२ अंश, आर्द्रता ९०, दवबिंदू साडेदहाच्या जवळ. इंजिन ९ अंश. टाकीवरून ओघळ, फोर्कच्या नळ्यांवर थेंबांची रांग, कोब्यावर काळपट ओला पट्टा. बाहेरचा एक थेंबही आत आलेला नाही. छप्पर गळत नाही, दार बंद होतं.

पाणी थंडीने आणलं नाही, थंडीनंतरच्या उबेने आणलं. शून्य अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ४.८ ग्रॅम बाष्प मावतं, दहा अंशांना ९.४ ग्रॅम, वीस अंशांना १७.३. अटलांटिकवरून येणारी उबदार हवा हे जास्तीचं बाष्प सोबत घेऊन येते. दोनशे किलोंच्या आसपास धातू मात्र रात्रीची थंडी पोटात धरून बसलेला असतो आणि हवेमागून काही तास रेंगाळत तापतो. त्या मधल्या तासांत तो दवबिंदूच्या खाली असतो. वैशाखात फ्रिजमधलं गार पाणी भरलेल्या तांब्याला घाम फुटतो, तसाच हा प्रकार.

श्वास घेणारं आवरण धूळ अडवतं, बाष्प अडवत नाही. त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही. निदान आत आलेलं पाणी बाहेर पडायला ते वाट देतं. साधी ताडपत्री घातली असती तर पाणी आतच कोंडलं असतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

हवा आणि इंजिन आता एकाच तापमानाला, १३ अंश. नवं दव पडत नाही. पण काल पडलेलं जागेवरच आहे, कारण ९० टक्के आर्द्रतेत ते उडणार कुठे? कापडाने पुसलं. दव धरायला एक दुपार पुरते, वाळायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. या न वाळलेल्या वेळेतच गंज आपलं काम करतो.

संध्याकाळी बाबांशी बोललो. चिपळूणला अजून थंडी नाही म्हणाले. गॅरेजचं सांगितल्यावर म्हणाले, “अरे, आपण आषाढ-श्रावणात कपाटात काय करायचो? पंधराचा बल्ब लावून ठेवायचो. तुझ्या आईच्या रेशमी साड्या, माझा कॅमेरा, सगळं त्याच कपाटात. कधी बुरशी धरली?”

“बाबा, गॅरेज कपाटाएवढं नाही.”

“मग गाडीपुरतं कपाट कर.”

रात्री वहीवर हिशोब मांडला. पूर्ण गॅरेज बाहेरच्यापेक्षा चार अंश उबदार ठेवायचं तर चार इंची भिंती आणि उघडा पत्रा मिळून सुमारे ८०० ते ८५० वॉट खातील. दिवसाला २० युनिट, २५ पेन्सच्या दराने रोजचे ५ पौंड. ते होणे नाही. रॉकेलचा किंवा गॅसचा हीटर तर मुळीच नको. एक किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाणी हवेत येतं, आणि पेट्रोलच्या टाकीशेजारी उघडी ज्योत ठेवायचा प्रश्नच येत नाही.

ओल शोषणारं यंत्र लावायचं म्हटलं तर त्यातही दोन जाती आहेत. फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असलेली यंत्रं थंडीत नांगी टाकतात, त्यांच्या नळ्यांवर बर्फ धरतो. शोषक चाक असलेली यंत्रं शून्याच्या जरा वरपर्यंतही चालतात. घराला जोडलेलं, फटी बुजवलेलं गॅरेज असतं तर मी तेच घेतलं असतं. इथे दाराच्या चारही बाजूंनी वारा येतो. यंत्र सगळ्या गल्लीची हवा वाळवत बसेल.

बाबांचं कपाटच बरोबर आहे.

१ डिसेंबर, रविवार

कपाट उभं राहिलं. माप २.४ मीटर लांब, १.२ रुंद, १.४ उंच, म्हणजे आत चार घनमीटर हवा. आरसे काढून ठेवले म्हणून उंची पुरली.

तळ: कोब्यावर २५० मायक्रॉनचा जाड प्लास्टिक थर, कडा वर वळवलेल्या. त्यावर २५ मिलिमीटरची दाट फोमची पाटी, तीवर १८ मिलिमीटरचं प्लायवुड. गाडी डबल स्टँडवर. जमिनीची ओल आणि जमिनीची थंडी दोन्ही इथे तुटली. एवढंच करून थांबलो असतो तरी बरंच काम झालं असतं, असं माझं मत.

सांगाडा: लाकडी रीपांचा, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या. त्यावर प्लास्टिक ताणून बसवलं, पुढची बाजू पडद्यासारखी उघडणारी.

ऊब: ६० वॉटची नळीसारखी हीटर, बाथरूम-ग्रीनहाऊसमध्ये लावतात तसली, जाळीसकट. एक गोष्ट आधीच ठरवली होती: ठिणगी पडेल असं काहीही आत नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचते. म्हणून प्लग, स्विच, नियंत्रक सगळं कपाटाबाहेर, कमरेच्या उंचीवर. आत फक्त बंद नळी. तळाशी दोन्ही टोकांना बोटभर फट मुद्दाम ठेवली. वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधूनच जोडणी घेतली आहे. टाकीचं झाकण आणि इंधनाच्या नळ्या तपासून, कुठेही वास नाही याची खात्री करूनच वीज सुरू केली.

आणखी एक मांडणी केली. मऊ पोलादाच्या एकाच पट्टीतून चार तुकडे कापले, पॉलिशपेपरने चकचकीत घासले. दोन मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवले, दोन स्वच्छ. प्रत्येकी एक जोडी कपाटात आणि एक बाहेर फळीवर. गाडीवर गंज दिसायची वाट पाहायची नाही, या तुकड्यांनी आधी सांगावं.

८ डिसेंबर, रविवार

डॅरा वादळ येऊन गेलं. दाराखालून आलेल्या वाऱ्याने फळीवरचे कागद उडाले. कपाट जागचं हललं नाही.

आकडे मात्र पुरेसे नाहीत. नुसत्या प्लास्टिकच्या आत ६० वॉट म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम सव्वा अंश जास्त. कपाटाचं पृष्ठफळ तेरा चौरस मीटर, पातळ प्लास्टिक दर चौरस मीटरला अंशामागे चारेक वॉट सोडून देतं. आकडेमोडीतही एवढंच येत होतं. आज बाहेरून चंदेरी बुडबुड्यांचं इन्सुलेशन गुंडाळलं, वरच्या बाजूला दुहेरी.

बाहेरच्या फळीवरचा मिठाचा तुकडा दुसऱ्याच सकाळी तांबूस झाला होता. आता तो पूर्ण नारिंगी. कपाटातल्या मिठाच्या तुकड्यावरही कडेला डाग आहेत.

१४ डिसेंबर, शनिवार

इन्सुलेशननंतर फरक तीन अंशांच्या जवळपास. गॅरेजमध्ये ९ अंश, ९० टक्के. कपाटात १२ अंश, ७४ टक्के. पाण्याचा एक कणही काढून घेतलेला नाही. तेवढंच बाष्प, हवा जरा उबदार, म्हणून आर्द्रता कमी.

७४ वर मी समाधानी नाही. स्वच्छ धातूला चालेल, पण कुठल्या तरी बोल्टच्या मागे मीठ राहिलं असेल तर ७५ ची रेघ फार जवळ आहे. दुसरी ६० वॉटची नळी बसवली आणि ती आर्द्रता मोजणाऱ्या नियंत्रकाला जोडली. त्याचा शोधक आत, पेटी बाहेर. ६५ च्या वर गेली की चालू, खाली आली की बंद. पहिली नळी सतत.

सिलिका जेलच्या पिशव्यांचाही विचार केला होता. बंद डब्यात किंवा हेल्मेटच्या कपाटात त्या उत्तम. पण या कपाटात तासाला एकदा हवा बदलते आणि दिवसाला ९० ग्रॅमच्या आसपास बाष्प शोषावं लागेल. दोन किलो जेल आठवड्यात भरेल, मग भट्टीत तापवून पुन्हा कोरडी करायची. चार महिने हे कोण करणार? कॅल्शियम क्लोराईडचे डबे मात्र गाडीजवळ आणूच नयेत. त्यांच्या तळाशी साचणारं पाणी खारं असतं आणि ते सांडलं तर लोखंड खातं.

२८ डिसेंबर, शनिवार

नाताळपासून सूर्य दिसलेला नाही. दाट धुकं, विमानतळांवर खोळंबा. बाहेर ९८-९९ टक्के, गॅरेजमध्ये ९७.

एक गोष्ट नीट पाहिली. फळीवरच्या धातूला पाणी सुटलं नाही, कारण हवा आणि धातू दिवसभर एकाच तापमानाला आहेत. हात फिरवला तर कोरडं लागतं. पण बाहेरच्या स्वच्छ तुकड्यावर आज पहिले तांबूस ठिपके आले, मिठाशिवाय. ९७ टक्क्यांत धातूवर डोळ्यांना न दिसणारी पाण्याची पातळ साय असते आणि गंजाला तेवढी पुरते. म्हणून ‘थेंब दिसले नाहीत’ ही खूण मी ग्राह्य धरत नाही. आकडाच पाहायचा.

कपाटात ६६. दुसरी नळी जवळजवळ अखंड चालू.

१२ जानेवारी २०२५, रविवार

पुन्हा आठवडाभर कडाका. आकाश निरभ्र असलं की रात्री पत्रा हवेपेक्षाही थंड होतो, त्याची उष्णता सरळ आकाशात निघून जाते. मग आतल्या हवेतलं बाष्प पत्र्याच्या खालच्या बाजूला धरतं. पहाटे ते गोठलेलं असतं, दहा-अकराला वितळून टपटपायला लागतं. कपाटाच्या छतावर थेंबांचे डाग दिसले. आवरण नसतं तर ते थेट टाकीवर पडले असते. यावर खरा उपाय छपरालाच करावा लागेल.

गॅरेज उणे १, कपाट साडेतीन. उद्यापासून ऊब येणार असं हवामान खातं सांगतंय.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

कालपासून वारा फिरला. गॅरेजची हवा दोन दिवसांत शून्यावरून ८ वर, आर्द्रता ९२, दवबिंदू पावणेसात. नोव्हेंबरसारखीच परिस्थिती. फळीवरचा पाना पाण्याने थबथबलेला, कोबा काळा.

कपाटाचा पडदा उघडला. इंजिन १०.५ अंश. टाकीवर तळहात फिरवला, क्रोमवर बोटांचे ठसेसुद्धा कोरडे. फोर्कच्या नळ्या, आरे, ब्रेकची डिस्क, सगळं कोरडं. थंडी संपायच्या आधीच धातू चार-पाच अंश वर होता, म्हणून उबदार हवा आली तेव्हा दवबिंदू त्याला गाठू शकला नाही. दोन जुन्या बल्बांइतक्या वॉटमध्ये हे झालं. बाबांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: “तिळगूळ घे, गोड बोल. पंधराचा बल्ब विसरू नको.”

९ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या काकांनी विचारलं, मधूनमधून दार उघडून हवा खेळवतोस ना? या हिवाळ्यातल्या नोंदींवरून उत्तर आता पक्कं देता येतं: हवा खेळवावी, पण दिवस पाहून.

मन सांगतं त्याच्या बरोबर उलटं करायचं. बाहेर छान ऊब आली, चला दार उघडू, असं जानेवारी-फेब्रुवारीत वाटतं, आणि तोच दिवस दार घट्ट लावून बसायचा. उलट पूर्वेचा बोचरा कोरडा वारा असेल तेव्हा उघडायचं. आज बाहेर २ अंश आणि ८० टक्के, म्हणजे घनमीटरला साडेचार ग्रॅमही बाष्प नाही. गॅरेजमध्ये ६ अंश आणि ८५ टक्के, म्हणजे सहा ग्रॅमच्या वर. ऐंशी आणि पंच्याऐंशीत फरक किरकोळ वाटतो, पण ग्रॅममध्ये पाहिलं की बाहेरची हवा बरीच कोरडी आहे. दोन तास दार उघडं ठेवलं, गॅरेजमधला आकडा उतरला. काकांनी आपल्या जुन्या बीएसए मोटारसायकलसाठी हा हिशोब कागदावर लिहून मागितला. आर्द्रतेचा टक्का आणि तापमान दोन्ही एकत्र घेऊन बाष्पाचे ग्रॅम कसे काढायचे, तो तक्ता त्यांना छापून दिला.

मुलांचे ओले रेनकोट आणि सायकली गॅरेजऐवजी मागच्या व्हरांड्यात ठेवायला सुरुवात केली आहे. एका ओल्या कोटातून शंभर-दोनशे ग्रॅम पाणी सहज येतं, आणि सगळ्या गॅरेजची हवा ९० वरून ६० वर आणायला काढावं लागणारं पाणी जेमतेम ८५ ग्रॅम.

२२ मार्च, शनिवार

कपाट उघडलं. पोलादाच्या तुकड्यांचा निकाल: बाहेरचा मिठाचा तुकडा खपल्या धरलेला, बाहेरचा स्वच्छ तुकडा तपकिरी, कपाटातला मिठाचा तुकडा डिसेंबरमध्ये आलेल्या डागांवरच थांबलेला, कपाटातला स्वच्छ तुकडा घासला त्या दिवशीइतकाच चकचकीत. दुसरी नळी लावल्यानंतर मिठाचे डाग वाढले नाहीत, ही मला सगळ्यात मोलाची नोंद वाटते.

गाडीवर कुठेही ठिपका नाही. आऱ्यांच्या टोकांना भिंग लावून पाहिलं. ॲल्युमिनियमवर पूड नाही. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही. बॅटरी १२.७ व्होल्ट. मीटरवर सुमारे २४० युनिट, म्हणजे ६० पौंड. त्यातली निम्मी वीज अजून वाचू शकते, कारण पहिली नळीही सतत चालायची गरज नाही. धातूचं तापमान आणि हवेचा दवबिंदू यांत तीन अंशांचं अंतर राहिलं की बंद, कमी झालं की चालू, असा नियंत्रक येत्या उन्हाळ्यात बांधायचा आहे.

छपराचं काम मे महिन्यात. खालच्या बाजूला लोकरीसारखा थर असलेले पत्रे मिळतात, ते रात्रीचं दव धरून ठेवतात आणि दिवसा हवेला परत देतात. जुने पत्रे काढून तेच बसवायचे. माप घेतलं आहे, पन्हळीचं अंतर विक्रेत्याला कळवलं आहे.

सायलेन्सरची बुचं काढली, किल्लीची लाल चिठ्ठी सोडली. टायरमध्ये हवा, साखळीला वंगण, ब्रेकची डिस्क स्वच्छ पुसून दोनदा दाबून पाहिली. एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का या सक्तीच्या तपासणीची, वेळ साडेअकराची. सॉर्नवर असलेली गाडी फक्त आधी ठरवलेल्या एमओटीसाठीच रस्त्यावर नेता येते, आणि ते केंद्र दहा मिनिटांवर आहे. एवढ्याशा अंतरात तेल तापत नाही. म्हणून पास झाली की तिथेच फोनवरून कर भरायचा आणि तसंच पुढे केनिलवर्थवरून वॉरिकला जायचं, इंजिन पुरतं तापेपर्यंत.